नमुना रणगाड्याचे पाय : सस्पेन्शन आणि ट्रॅकची घडण

खऱ्या रणगाड्याची मोठी, दूरनियंत्रित प्रतिकृती घडवणाऱ्याला तोफ, टरेट आणि चिलखत फारसे छळत नाही. पत्रा मोजावा, कापावा, जोडावा, घासावा आणि रंगवावा; हे काम वेळखाऊ असले तरी त्यात फसगत नाही. आकृतीत आहे तसे ते होते. कस लागतो तो खाली, चाके आणि ट्रॅक यांच्यापाशी. तेथे आकृतीबरहुकूम केलेला भाग नीट चालेलच असे नाही आणि नीट चालणारा भाग आकृतीबरहुकूम असेलच असेही नाही. दोन-तीन वर्षे खपून तयार केलेला शंभर किलोंचा रणगाडा पहिल्याच वळणावर ट्रॅक टाकून मैदानात बसकण मारतो आणि चार जणांनी उचलून गाडीत घालावा लागतो, त्याचे मूळ बहुधा याच विसंगतीत असते.

रणगाड्याच्या प्रत्येक बाजूला पोलादी कड्या खिळींनी जोडून केलेला एक अखंड पट्टा असतो. हाच ट्रॅक. एका टोकाला दात असलेले चालकचक्र म्हणजे स्प्रॉकेट असते. इंजिनाची शक्ती तेथून ट्रॅकला मिळते. दुसऱ्या टोकाला आयडलर हे मोकळे चाक असते आणि ते पुढेमागे सरकवून ट्रॅकचा ताण कमीजास्त करता येतो. या दोहोंच्या मधली चाके वाहनाचे वजन पेलतात. त्यांना भारवाही चाके म्हणता येईल. ही चाके वाहनाच्या धडाशी स्प्रिंगच्या मध्यस्थीने जोडण्याची जी व्यवस्था, ती सस्पेन्शन. काही रणगाड्यांत ट्रॅकचा वरचा भाग उचलून धरणारे लहान रोलरही असतात, काहींत नसतात.

प्रतिकृतींचे जग आकारानुसार विभागलेले आहे. सर्वांत परिचित १:३५ हे प्रमाण केवळ योगायोगाने रूढ झाले. जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचा मोटरवर चालणारा संच काढला, तेव्हा पोटात दोन बॅटऱ्या मावतील एवढे धड आखले गेले आणि नंतर मोजल्यावर ते साधारण पस्तिसाव्या हिश्श्याचे भरले. दूरनियंत्रणासाठी पुढे १:१६ हे प्रमाण स्थिरावले. हे रणगाडे अर्ध्या मीटरच्या आसपास लांबीचे, प्लॅस्टिकचे, दिवाणखान्यात किंवा अंगणात चालवण्याजोगे असतात. खरी 'मोठी' प्रतिकृती म्हणतात ती १:६ प्रमाणाची. इंग्लंडमधील आर्मोरटेक ही कंपनी या प्रमाणातील धातूचे संच बनवते. ज्यांच्याकडे लेथ आणि मिलिंग यंत्र आहे असे हौशी कारागीर सर्वच भाग स्वतः घडवतात. या प्रमाणात सस्पेन्शन हा शोभेचा भाग उरत नाही. ते खरोखर काम करणारे यंत्र असावे लागते.

उदाहरणासाठी जर्मनीचा टायगर-१ हा रणगाडा घेणे सोयीचे आहे. १९४२ ते १९४४ या काळात त्याची निर्मिती झाली आणि प्रतिकृतीकारांत आजही त्याला तोड नाही. त्याचे वजन सुमारे ५७ टन. प्रत्येक बाजूला आठ आस आणि प्रत्येक आसावर तीन रबरी धावांची चाके, म्हणजे एका बाजूला चोवीस. ही चाके एकमेकांच्या पोटात शिरतील अशी, पत्ते पिसावेत तशी रचलेली आहेत. युद्धात वापरायचा ट्रॅक ७२५ मिलिमीटर रुंद. रेल्वेच्या वाघिणीवर चढवण्यासाठी ५२० मिलिमीटर रुंदीचा दुसरा अरुंद ट्रॅक लावावा लागे. एका ट्रॅकमध्ये ९६ कड्या आणि दोन कड्यांच्या खिळींमधील अंतर १३० मिलिमीटर. हीच मापे सहाने भागली की कडीची रुंदी सुमारे १२१ मिलिमीटर, खिळींतील अंतर २१.७ मिलिमीटर आणि ट्रॅकची एकूण लांबी दोन मीटरांहून थोडी अधिक येते. धड एक मीटरहून किंचित लांब. एवढ्यापर्यंत भागाकार पुरतो.

भागाकार कोठे थांबतो?

वस्तू सर्व बाजूंनी सहापट लहान केली तर तिचे पृष्ठफळ छत्तिसाव्या हिश्श्यावर येते, पण घनफळ आणि म्हणून वजन दोनशे सोळाव्या हिश्श्यावर. गॅलिलिओने १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात प्राण्यांच्या हाडांचे उदाहरण देऊन हा नियम मांडला होता. हत्तीचे पाय हरणाच्या पायांची वाढवलेली आवृत्ती का नसतात, याचे उत्तर त्यात आहे. रणगाड्याच्या बाबतीत हाच नियम उलट दिशेने लागू होतो. ५७ टनांचा टायगर प्रत्येक पत्र्याच्या जाडीसह तंतोतंत लहान केला तर तो सुमारे २६४ किलोंचा होईल. प्रत्यक्षात आतली यंत्रसामग्री नसल्याने आणि चिलखत बव्हंशी पातळ ठेवल्याने प्रतिकृती त्याच्या निम्म्याहूनही कमी वजनाच्या असू शकतात. स्प्रिंगवर येणारा भार असा झपाट्याने घटतो. पोलादाचा ताठपणा मात्र तोच राहतो.

टायगरचे सस्पेन्शन टॉर्शन बार पद्धतीचे आहे. प्रत्येक चाकाच्या आसाला एक आखूड भुजा असते. ती धडाच्या भिंतीतून आत शिरते आणि आत एका लांब पोलादी दांड्याला जोडलेली असते. दांड्याचे दुसरे टोक समोरच्या भिंतीशी पक्के जखडलेले. चाक वर उचलले गेले की भुजा फिरते, दांड्याला पीळ बसतो आणि हा पीळच स्प्रिंगचे काम करतो. ओले धोतर पिळताना हाताला जो प्रतिकार जाणवतो, त्याचेच हे पोलादी रूप. १९३० च्या दशकात स्वीडनच्या लँड्सव्हर्क एल-६० या रणगाड्यात ही पद्धत प्रथम आली आणि पुढे जगभर रूढ झाली.

आता हा दांडा सहापट लहान करून पाहू. दांडा किती पिळला जाईल हे भार, भुजेची लांबी, दांड्याची लांबी आणि जाडी यांवर ठरते. त्यातही जाडीचा परिणाम चतुर्थ घाताने होतो. सर्व मापे सहाने भागली आणि वजनही प्रमाणात घटले, तर हिशेबाअंती पिळाचा कोन मूळच्या एक षष्ठांश उरतो. मूळ रणगाड्यात उभ्या स्थितीत भुजा समजा पंधरा अंश वळत असेल, तर प्रतिकृतीत ती जेमतेम अडीच अंश वळेल. म्हणजे सस्पेन्शन असूनही नसल्यासारखे. रणगाडा दगडावरून जाताना चाक वर येण्याऐवजी धडच उचलले जाईल आणि लोखंडी पेटी ढकलल्यासारखा तो डुगडुगत जाईल. भुजांचे कोन, दांडे, खोबण्या हे सर्व आकृतीबरहुकूम असूनही.

उपाय दांडा बारीक करण्याचा. मूळ दांडा ६० मिलिमीटर जाडीचा धरला तर प्रमाणातला दांडा १० मिलिमीटरचा होईल. पंधरा अंशांचा पीळ मिळवण्यासाठी तो सुमारे ६.४ मिलिमीटरपर्यंत उतरवावा लागतो. तसे करूनही पोलादावरचा ताण मूळ रणगाड्यातील ताणाच्या दोन तृतीयांशाहून थोडा कमीच राहतो. प्रतिकृतीकाराच्या बाजूने निसर्गाने दिलेली ही दुर्मीळ सवलत आहे. प्रतिकृती हलकी असेल तर दांडा आणखी बारीक हवा. एक प्रत्यक्ष हिशेब असा : एकूण वजन ११० किलो, त्यातील ३० किलो चाके, भुजा आणि ट्रॅक यांचे. स्प्रिंगवर उरले ८० किलो. सोळा भुजांत वाटल्यावर प्रत्येकीवर पाच किलो. भुजा ८० मिलिमीटर, दांड्याची पिळली जाणारी लांबी अर्धा मीटर आणि अपेक्षित पीळ पंधरा अंश धरला तर स्प्रिंग स्टीलचा साडेपाच मिलिमीटर जाडीचा दांडा लागतो. अशा रणगाड्याचे धड स्वतःच्या वजनाने सुमारे २१ मिलिमीटर खाली बसते.

येथे चतुर्थ घाताचा नियम विसरून चालत नाही. बाजारात साडेपाच मिलिमीटरचा गज मिळाला नाही म्हणून सहाचा घातला, तर सस्पेन्शन चाळीस टक्क्यांहून अधिक ताठ होते. साडेचारचा घातला तर ते निम्म्याहूनही मऊ पडते आणि पोट जमिनीला टेकू लागते. म्हणून अनुभवी मंडळी आधी रणगाड्याचे अंतिम वजन ठरवतात आणि मगच दांडे कापतात. सर्वसाधारण नवशिक्याचा क्रम नेमका उलटा असतो. सस्पेन्शन पूर्ण झाल्यावर बॅटऱ्या, मोटर, आवाजाची यंत्रणा, पोलादी टरेट अशी भर पडत जाते आणि धड हळूहळू खचते. दांड्याचे टोक खोबणीत थोडे फिरवून बसवण्याची सोय ठेवली तर ही चूक काही अंशी निस्तरता येते. खऱ्या रणगाड्यात दांड्याच्या टोकांना बारीक दाते पाडलेले असतात, ते याचसाठीही उपयोगी पडतात. लहान कार्यशाळेत असे दाते पाडणे कठीण. षट्कोनी टोक आणि मागे स्क्रूने फिरवता येणारा तुकडा हा व्यवहार्य पर्याय ठरतो.

दांडा तुटतो तो बहुतेक वेळा मध्ये नव्हे, टोकाशी. खीळ बसवण्यासाठी साडेपाच मिलिमीटरच्या दांड्यात आडवे भोक पाडले की नेमक्या त्याच जागी ताण एकवटतो. म्हणून टोक मधल्या भागापेक्षा जाड असावे आणि जाड भागाकडून बारीक भागाकडे येताना कोपरा नसावा, हळुवार गोलाई असावी. लेथवर हे पाच मिनिटांचे काम आहे. ते टाळले तर शे-दोनशे फेऱ्यांनंतर दांडा कड्‌कन मोडतो. खऱ्या रणगाड्यांच्या दांड्यांबाबत आणखी एक गोष्ट सांगितली जाते : कारखान्यातच त्यांना एका दिशेने मर्यादेपलीकडे पिळून ठेवलेले असते. त्यामुळे त्या दिशेने त्यांची ताकद वाढते, पण डावा दांडा उजवीकडे लावता येत नाही. त्यांवर तशा खुणा असतात. प्रतिकृतीत ताण कमी असल्याने या पूर्वपिळाची गरज भासत नाही.

दांडा धडाच्या पूर्ण रुंदीभर पसरत असल्याने डाव्या आणि उजव्या चाकांचे दांडे एकाच ओळीत येऊ शकत नाहीत. ते शेजारी शेजारी ठेवावे लागतात. टायगरच्या अभियंत्यांनी यावर काढलेला तोडगा मोठा मार्मिक आहे. एका बाजूच्या भुजा आसापासून पुढे झुकलेल्या, तर दुसऱ्या बाजूच्या मागे. दांडे शेजारी राहिले तरी चाके समोरासमोर आली. प्रतिकृतीकाराला हे माहीत नसेल तर तो दोन्ही बाजूंच्या भुजा आरशातल्या प्रतिबिंबासारख्या करतो आणि मग दांडे एकमेकांना का भिडतात याचा शोध घेत बसतो.

अन्य रणगाड्यांची तऱ्हा निराळी. अमेरिकन अभियंता वॉल्टर ख्रिस्ती याच्या पद्धतीत मोठ्या गुंडाळी स्प्रिंगा धडाच्या आत उभ्या किंवा तिरप्या बसवलेल्या असतात. सोव्हिएत टी-३४ हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. शर्मनमध्ये दोन-दोन चाकांची स्वतंत्र बोगी बाहेरून बोल्टने जोडलेली, तर जर्मन पँझर-४ मध्ये चाकांच्या जोड्यांना पाट्यांची स्प्रिंग. नवशिक्यासाठी शर्मन सर्वांत सोपा, कारण एक बोगी बिघडली तर तेवढीच काढून दुरुस्त करता येते. भारताच्या अर्जुन रणगाड्यात वायू आणि तेल यांच्या दाबावर चालणारे सस्पेन्शन आहे. लहान आकारात त्याची नक्कल करण्याऐवजी आत स्प्रिंग लपवणे शहाणपणाचे. प्रमाणाचा नियम मात्र कोणालाच चुकत नाही. गुंडाळी स्प्रिंगही तंतोतंत लहान केली की सहापट ताठ वागते.

महाराष्ट्रातील वाचकाला यांपैकी काही रचना प्रत्यक्ष पाहता येतात. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, येथे चिलखती दलाच्या केंद्राचे रणगाडा संग्रहालय १९९४ पासून आहे. तेथे १९६५ च्या युद्धात हाती लागलेला पॅटन टॉर्शन बारच्या भुजांसह उभा आहे आणि सेंच्युरियनच्या बाहेर बसवलेल्या हॉर्स्टमन पद्धतीच्या बोग्याही न्याहाळता येतात. छायाचित्रांतून न समजणारी भुजेची जाडी किंवा ट्रॅकचा झोळ असा जवळून पाहिला की आकृतीतील रेषांना अर्थ येतो. टायगर तेथे नाही. तो पाहायचा तर इंग्लंडमधील बोव्हिंग्टनला जावे लागते. एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात पकडलेला '१३१' क्रमांकाचा टायगर तेथे आजही चालता ठेवला आहे.

भुजा, बुश आणि तिरकी चाके

दांडा पीळ घेतो, पण वजनाचा आडवा भार पेलतो तो भुजेचा बुश. हा भाग दिसत नाही आणि म्हणूनच दुर्लक्षिला जातो. चाक भुजेच्या टोकाला, धडापासून बरेच बाहेर लटकलेले असते. टायगरमध्ये तर एका आसावर तीन चाकांची रांग. धडाच्या भिंतीतील बुश आखूड असेल आणि त्यात पाव मिलिमीटरची ढील असेल, तर ती बाहेरच्या चाकापाशी कित्येक पटींनी वाढून दिसते. चाके वरून आत झुकतात. एकात एक गुंतलेल्या चाकांमध्ये मुळातच काही मिलिमीटरची फट असल्याने झुकलेले चाक शेजाऱ्याला घासू लागते. गनमेटलचा लांब बुश, रीमरने साफ केलेले भोक आणि धडाच्या भिंतीला आतून दिलेले जाड पाठबळ हा त्यावरचा इलाज. दोन्ही भिंतींतील भोके एकत्र धरून एकाच वेळी पाडावीत. वेगवेगळी पाडली की आठांपैकी एक तरी दांडा तिरका बसतोच.

टायगरच्या पहिल्या आणि शेवटच्या भुजांना धडाच्या आत शॉक अॅब्सॉर्बर होते. प्रतिकृतीत त्यांची निकड कमी, कारण बुश आणि ट्रॅकच्या खिळी यांतील घर्षणच बरेचसे हेलकावे शोषून घेते. तरीही लहान रणगाडा मोठ्यासारखा डौलात डुलत नाही, हे मान्य करावे लागते. स्प्रिंग योग्य प्रमाणात दबत असली तरी डुलण्याचा काळ वर्गमुळाने घटतो. १:६ प्रमाणात तो जवळजवळ अडीचपट जलद होतो. चित्रपटांत लहान प्रतिकृती वापरल्या की त्यांची दृश्ये जलद गतीने टिपून पडद्यावर संथ दाखवत, त्याचे कारण हेच. मैदानावर तशी सोय नाही. पहिल्या आणि शेवटच्या भुजेला शर्यतीच्या दूरनियंत्रित मोटारींत मिळणारे तेलाचे छोटे शॉक अॅब्सॉर्बर लावले तर निदान ब्रेक लावल्यावर नाक आपटणे थांबते.

ट्रॅक : १९२ कड्यांचा हिशेब

सस्पेन्शनमध्ये चूक झाली तर रणगाडा वाईट चालतो. ट्रॅकमध्ये चूक झाली तर तो चालतच नाही. दोन्ही बाजू मिळून टायगरला १९२ कड्या आणि तितक्याच खिळी लागतात. प्रत्येक कडी हुबेहूब तशीच हवी. एका कडीत ०.०५ मिलिमीटरची चूक नगण्य वाटते. पण ती सर्व कड्यांत एकाच दिशेने झाली तर ९६ कड्यांत मिळून जवळजवळ पाच मिलिमीटर होते. यासाठी भोके पाडण्याचा साचा, म्हणजे जिग, आधी घडवावा लागतो. दोन भोकांमधील अंतर त्या साच्यावर ठरते, कारागिराच्या डोळ्यावर नव्हे.

कड्या कशाच्या कराव्यात हा नेहमीचा वाद. जस्ताच्या मिश्रधातूच्या आणि अॅल्युमिनियमच्या कड्या ओतायला सोप्या आणि दिसायला रेखीव असतात. पण पोलादी खीळ मऊ धातूच्या भोकात फिरत राहिली की भोक लांबट होते. प्रत्येक सांध्यात केवळ ०.१ मिलिमीटर झीज झाली तर ट्रॅक साडेनऊ मिलिमीटरहून अधिक वाढतो, म्हणजे जवळजवळ अर्ध्या कडीएवढा. आयडलर मागे सरकवून हा झोळ काढता येतो. परंतु खिळींमधील वाढलेले अंतर कोणत्याही आयडलरने कमी होत नाही. स्प्रॉकेटचे वीस दात २१.७ मिलिमीटरच्या अंतरासाठी कापलेले असतात. कडी वाढली की ती दाताच्या तळाशी न बसता उतारावर चढते आणि जोर पडताच सटकते. जुन्या सायकलची साखळी नव्या चक्रावर उड्या मारते, तोच प्रकार. म्हणून १:६ मध्ये पोलादी कड्याच टिकाऊ. निदान भोकांत पोलादी किंवा ब्राँझच्या बारीक नळ्या तरी बसवाव्यात. नियमित चालवायच्या रणगाड्यासाठी हा खर्च वाचवणे परवडत नाही.

ट्रॅकला तेल घालावे काय? उत्तर नाही असे आहे. कोरड्या सांध्यात शिरलेली धूळ चालता चालता गळून जाते. तेलात ती चिकटून बसते आणि घासणाऱ्या लुकणासारखी भोके कुरतडते. टायगरचा मूळ ट्रॅकही कोरडाच चाले. शर्मनच्या ट्रॅकमध्ये खिळीभोवती रबराचे वेष्टन होते आणि त्यामुळे तो आवाजाने आणि झिजेने कमी, पण घडवायला कठीण.

खिळी बाहेर सरकू नयेत यासाठी टोकाला सर्क्लिप, बारीक टाचणी किंवा आतून स्क्रू अशा युक्त्या आहेत. टी-३४ च्या कारखान्यांनी यात कमालीचा साधेपणा दाखवला. त्यांच्या खिळींना फक्त आतल्या बाजूला डोके होते. खीळ धडाच्या दिशेने सरकली की मागच्या बाजूला धडावर जोडलेली तिरकी पट्टी प्रत्येक फेरीत तिला ठोकून परत आत ढकलत असे. टी-३४ ची प्रतिकृती करणाऱ्यांना ही युक्ती लहान आकारातही वापरता येते.

ताण आणि झोळ

टायगरला वरचे रोलर नाहीत. ट्रॅकचा वरचा भाग चाकांच्या माथ्यावर झोळ खाऊन विसावतो आणि हाच झोळ त्या रणगाड्याचे देखणेपण आहे. तारेसारखा ताणलेला ट्रॅक लावलेली प्रतिकृती जाणकाराच्या डोळ्याला लगेच खेळणे वाटते. पण झोळाची किंमत मोजावी लागते. स्प्रॉकेट पुढे असल्याने जोराने पुढे जाताना वरचा भाग ताणला जातो आणि सारी ढील स्प्रॉकेट व पहिले चाक यांच्या मधल्या तुकड्यात जमा होते. ब्रेक लावताना किंवा मागे जाताना नेमके उलटे घडते; ढील वर येते आणि लाटेसारखी पुढेमागे सरकते. त्याच क्षणी वळण घेतले तर ट्रॅकच्या आतील शिंगे चाकांच्या रांगेतून बाहेर पडतात. बहुतेक ट्रॅक याच क्षणी उतरतात : मागे जाताना, उतारावर आडवे असताना, वळताना.

आणि येथेच सस्पेन्शनचा आणि ट्रॅकचा झगडा सुरू होतो. चाक दगडावर चढून वर गेले की ट्रॅकचा मार्ग आखूड होतो आणि तेवढी ढील मोकळी होते. स्प्रिंग जितकी मऊ, तितके चाक अधिक वर जाते, तितकी ढील अधिक. डौलदार चालीसाठी दांडे बारीक करावेत तर ट्रॅक उतरण्याची भीती. ट्रॅक सांभाळण्यासाठी ते जाड ठेवावेत तर रणगाडा पेटीसारखा चालणार. अनुभवी कारागीर मधल्या भुजांचे दांडे मऊ आणि पहिल्या-शेवटच्या भुजांचे काहीसे ताठ ठेवतात. शिवाय त्या भुजांना वरच्या बाजूला पक्का अटकाव देतात. त्यामुळे टोकांची चाके फार वर जात नाहीत आणि मधली मात्र जमिनीच्या चढउतारानुसार हलत राहतात. डोळ्याला दिसते ती मधल्या चाकांची हालचाल.

वळण्याचा ताण वेगळाच. रणगाडा चाके वळवून वळत नाही. दोन्ही ट्रॅकच्या वेगात फरक पाडून, जमिनीवर आडवा घसटत वळतो. टायगरमध्ये जमिनीला टेकणाऱ्या ट्रॅकची लांबी सुमारे ३.६ मीटर आणि दोन ट्रॅकमधील मध्यांतर सुमारे २.८ मीटर. हे गुणोत्तर प्रतिकृतीतही तेच राहते. जमिनीवरचा दाब मात्र सहापटीने आणि हलक्या प्रतिकृतीत त्याहूनही अधिक घटतो. मोठा टायगर मातीत रुतत असे; छोटा वरच्या वर घसरतो. कोरड्या गवतावर आणि मऊ मातीवर तो सहज वळतो, काँक्रीटवर पोलादी कड्या करवतीसारख्या घासतात. सर्वांत वाईट लांब, ओले गवत. ते चाकांत गुंडाळले जाते आणि पातीच दोरासारखी आवळतात. दगडांचेही तसेच. तीन सेंटिमीटरचा खडा या रणगाड्यासाठी अठरा सेंटिमीटरचा धोंडा असतो आणि तो दोन गुंतलेल्या चाकांच्या मध्ये नेमका अडकतो. रशियातील हिवाळ्यात याच फटींत चिखल गोठून खरे टायगर सकाळी जागचे हलत नसत. आतले एक चाक बदलण्यासाठी बाहेरची अनेक चाके काढावी लागत. प्रतिकृतीकारालाही ती शिक्षा जशीच्या तशी भोगावी लागते.

नवा ट्रॅक चढवल्यावर लगेच मैदान गाठू नये. रणगाडा ठोकळ्यांवर उचलून ट्रॅक मोकळे फिरवावेत, तासाभराने ताण पुन्हा पाहावा, मग सपाट जमिनीवर सरळ चालवावा आणि वळणे शेवटी घ्यावीत. पहिल्या काही तासांत सांधे बसतात, ट्रॅक वाढतो आणि पुष्कळदा एखादी कडी काढून टाकावी लागते. आयडलरची सरकण्याची मर्यादा निदान एका कडीएवढी ठेवली नसेल, तर कडी काढल्यावर ट्रॅक जुळत नाही आणि ठेवल्यावर लोंबतो.

या आकाराच्या यंत्राला खेळणे समजणे धोक्याचे आहे. शंभर किलो पुढे नेणारी मोटर स्प्रॉकेट आणि ट्रॅक यांच्या मध्ये आलेले बोट ओळखत नाही. ट्रॅकला हात लावण्यापूर्वी बॅटरीची मुख्य जोडणी तोडलीच पाहिजे. केवळ हातातील नियंत्रक बंद करणे पुरेसे नाही. संदेश तुटताच मोटर आपोआप थांबतील अशी मांडणी आणि धडाच्या बाहेरून चटकन दाबता येणारे बटण ही दोन्ही असावीत. मुलांना मागे ठेवावे, कारण जागच्या जागी फिरणाऱ्या रणगाड्याचे मागचे टोक अनपेक्षित झपाट्याने बाहेर येते.

टायगरचे सैनिक धडाच्या पुढच्या पत्र्यावर आणि टरेटच्या बाजूला जादा कड्या टांगून ठेवत. प्रतिकृतीतही त्या असतात. बहुधा राळेच्या ओतलेल्या, रंगवलेल्या, शोभेच्या. त्यांच्या जागी खऱ्या पोलादी कड्या, खिळींसह लावाव्यात. मैदानात एखादी कडी तुटली तर पुढच्या पत्र्यावरून एक उतरवायची, दोन खिळी ठोकायच्या आणि रणगाडा स्वतःच्या ट्रॅकवर गाडीपर्यंत परत आणायचा.